वीतभर पाण्याची होडी आणि कारागिराचा हिशेब



धंद्याचा धडा नेहमी दुकानातच मिळतो असे नाही. या वेळी आम्ही एका होडीची माहिती देणार आहोत. होडी विलायतेची आहे आणि आमच्या वाचकांपैकी फार थोडे जण ती कधी प्रत्यक्ष पाहतील. तरीही सुतार, वेल्डर, शिंपी, पत्र्याचे काम करणारे आणि दुकानात माल विकणारे अशा सर्वांनी हा लेख शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे.

त्याचे कारण असे. मध्यंतरी लाकूडकाम करणारे एक बुजुर्ग कारागीर आमच्याशी बोलत बसले होते. चाळीस वर्षे त्यांनी रंधा चालवला आहे. ते म्हणाले, "कारखान्याचा माल स्वस्त, चकचकीत आणि लगेच मिळणारा. गिऱ्हाईक येते, भाव विचारते आणि निघून जाते. आमच्या हातात हुन्नर आहे, पण त्याला आता विचारतो कोण? मुलाला या धंद्यात आणू की नको, एवढेच मला सांगा." त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आम्ही या होडीच्या निमित्ताने देण्याचा प्रयत्न करीत आहोत.

अडचण काय होती?

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाकडे डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथे समुद्र जमिनीत खोलवर शिरलेला असून लांबच लांब खाड्या तयार झाल्या आहेत. शेजारच्या प्लिमथ बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साडेचार मीटरांहून अधिक फरक पडतो. याचा अर्थ कोकण किनाऱ्यावरच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सकाळी जेथे पुरुषभर पाणी असते, तेथे दुपारी नुसता चिखल दिसतो.

अशा पाण्यात हौसेने शिडाची होडी चालवणाऱ्या मध्यमवर्गीय माणसापुढे मोठी अडचण होती. समुद्रात फिरण्याच्या नेहमीच्या शिडाच्या नौकेला तळाखाली लोखंडाचा किंवा शिशाचा जड कणा बसवलेला असतो. वाऱ्याने नौका कलंडू नये आणि आडवी सरकू नये, हे त्याचे काम. पण त्या कण्यामुळे नौकेला मीटर-दीड मीटर किंवा त्याहून अधिक खोल पाणी लागते. तेवढे पाणी बारा महिने राहील अशी बंदरातली जागा भाड्याने घ्यावी लागते. नौका वर्षातून मोजके दिवस वापरली जाते, भाडे मात्र पूर्ण वर्षाचे भरावे लागते. शिवाय खाडीच्या आतल्या टोकाला, जेथे पाणी शांत आणि देखावा सुंदर, तेथे ती जाऊच शकत नाही.

जॉन वॉटकिन्सन नावाचे एक गृहस्थ पूर्वी ब्रिटिश आरमारात अधिकारी होते. नंतर ते होड्यांच्या धंद्यात आले. डार्टमूरच्या माळरानाजवळ ड्रॅस्कोम बार्टन या जुन्या शेतघरात ते राहत. १९६५ च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या कुटुंबासाठी एक होडी तयार केली. बायकामुलांना घेऊन निर्धास्तपणे फिरता यावे, ओहोटीला होडी चिखलात बसली तरी बिघडू नये आणि संध्याकाळी ती मोटारीच्या मागे बांधून घरी नेता यावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कष्टकरी होड्यांचा घाट त्यांच्या डोळ्यांपुढे होता. या होडीचे नाव पडले 'ड्रॅस्कोम लगर'. १९६८ मध्ये लंडनच्या होड्यांच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली आणि मागणी सुरू झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वॉटकिन्सन यांनी आधी माल तयार करून मग गिऱ्हाईक शोधले नाही. अडचण त्यांची स्वतःची होती आणि तीच अडचण हजारो घरांची होती.

होडीची मापे

लगरची लांबी सुमारे ५.७ मीटर, म्हणजे पावणेएकोणीस फूट. रुंदी सुमारे १.९ मीटर, म्हणजे सव्वासहा फूट. वजन साधारण ३४० किलो. सर्व शिडे मिळून सुमारे १२ चौरस मीटर. आणि तिला तरंगायला लागणारे पाणी किती? फक्त २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच. आपल्याकडच्या भाषेत वीतभराहून बोटभर जास्त!

मग जड कणा नसताना ही होडी वाऱ्यात आडवी सरकत कशी नाही? त्यासाठी तळाच्या मधोमध एक उभी फट ठेवलेली आहे. फटीवर आतल्या बाजूने पाणी येऊ नये म्हणून उंच पेटी आहे. त्या पेटीतून जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी पाटी खाली सोडता येते. पाटी पूर्ण सोडली की होडीची खोली सव्वा मीटरच्या आसपास जाते आणि ती वाऱ्याच्या विरुद्ध बाजूलाही नागमोडी मार्गाने चढू शकते. पाणी उथळ झाले की दोरीने पाटी वर ओढायची. चुकून पाटी वाळूला लागलीच, तर ती मागे वळून वर उचलली जाते, त्यामुळे होडी फुटत नाही. सुकाणूही तसेच. तेही फटीतून वर काढता येते आणि मग वल्ह्याने दिशा धरता येते.

शिडांची योजनाही पाहण्यासारखी आहे. एकच उंच डोलकाठी ठेवण्याऐवजी आखूड डोलकाठी ठेवली आणि तिच्यावर दुसरी काठी सरकवून शीड उंच केले. मागच्या टोकाला आणखी एक छोटी डोलकाठी व छोटे शीड दिले. यात दोन फायदे झाले. पहिला असा की सर्व काठ्या उतरवल्यावर होडीच्या लांबीतच मावतात, रस्त्यावर त्या मागेपुढे बाहेर येत नाहीत. दुसरा असा की वारा अचानक वाढला तर मधले मोठे शीड खाली पाडायचे आणि पुढचे व मागचे अशा दोन छोट्या शिडांवर होडी सावकाश पण ताब्यात ठेवून न्यायची. जुने तांडेल जे अनुभवाने करीत, तेच येथे रचनेत बसवलेले आहे.

मधल्या शिडाला खालची आडवी काठी नाही. इतर होड्यांत वारा फिरला की ही काठी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सपकन येते आणि डोक्याला मार बसतो. वॉटकिन्सन यांनी ती काठीच काढून टाकली. वाऱ्याचा थोडा जोर त्यामुळे वाया जातो, पण होडीत बसलेल्या मुलाचे डोके सुरक्षित राहते. होडी कुटुंबासाठी आहे हे एकदा ठरल्यावर यात विचार करण्यासारखे काही उरत नाही.

पाण्याचा हिशेब

आता थोडी आकडेमोड करू. होडी तरंगते ती तिच्या वजनाएवढे पाणी बाजूला सारून. एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे एक हजार किलो असते. लगरचा पाण्याला टेकलेला भाग ढोबळमानाने साडेचार चौरस मीटर धरा. मग तिला एक सेंटिमीटर आणखी खाली दाबायला सुमारे ४५ किलो वजन लागेल. ७० किलोचा एक माणूस बसला की ती दीड सेंटिमीटर खाली जाईल. चार माणसे बसली तरी फरक सहा-साडेसहा सेंटिमीटरांचा.

म्हणजे उथळ पाण्याचे रहस्य काही जादूत नाही. तळ रुंद आणि वजन कमी, एवढेच त्याचे सूत्र आहे. वजन वाढवणारी प्रत्येक वस्तू होडीला खाली दाबते आणि मोटारीलाही जड होते. होडी आणि तिचा दोन चाकी गाडा मिळून पाच-सहाशे किलोंच्या आसपास वजन होते. एवढे वजन साधी घरगुती मोटार ओढू शकते. हे वजन दुप्पट झाले असते, तर मोठी मोटार लागली असती, आणि मोठी मोटार नसलेले गिऱ्हाईक तेथेच गळाले असते.

पाहा, सुताराच्या हातातील फळीची जाडी आणि बाजारातील गिऱ्हाइकांची संख्या यांचा असा थेट संबंध असतो. तो वहीत मांडल्याशिवाय दिसत नाही.

काय दिले नाही?

आता या धड्याचा गाभा. वॉटकिन्सन यांनी होडीत काय घातले, यापेक्षा काय घातले नाही, हे अधिक शिकण्यासारखे आहे.

१. झोपण्याची खोली दिली नाही. होडी उघडी ठेवली. ज्यांना मुक्काम करायचा ते वर ताडपत्री बांधून तळावर झोपतात. त्यामुळे वजन आणि किंमत दोन्ही आटोक्यात राहिले.

२. जड कणा दिला नाही. त्यामुळे होडी वीतभर पाण्यात आली आणि गाड्यावर चढली.

३. शर्यतीचा वेग दिला नाही. पाण्यातल्या लांबीच्या मानाने अशा होडीचा वेग ताशी पाच सागरी मैलांच्या आसपास थांबतो. वेगाची हौस असलेल्याने दुसरी होडी घ्यावी.

४. इंजिन शिडाच्या जागी आणले नाही, पण नाकारलेही नाही. होडीच्या मागच्या भागात एक विहीर ठेवली. वारा पडला तर तीत छोटे पेट्रोल इंजिन बसवता येते.

प्रत्येक 'नाही'मागे एक गिऱ्हाईक सोडून द्यावे लागले. शर्यतवाला गेला, आरामशीर खोली हवी असणारा गेला, महासागर ओलांडणारा गेला. पण जो उरला, त्याच्यासाठी याहून नेमकी होडी बाजारात शोधून सापडणे कठीण झाले. सर्वांना थोडे थोडे आवडेल असा माल करणारा कारखान्याशी भावात झुंजतो आणि हरतो. एका गरजेला पुरेपूर उतरणारा माल करणाऱ्याला गिऱ्हाईक शोधत येते.

उणिवा झाकू नयेत

प्रत्येक मालाला उणीव असते. या होडीच्याही आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही.

जड कणा नसल्यामुळे ही होडी उलटू शकते. वारा वाढण्याआधीच शीड कमी करणे, अंगावर जीवरक्षक जाकीट घालणे आणि माणसांनी वजन बरोबर वाटून बसणे, हे नियम पाळावेच लागतात. गोट्यांच्या किनाऱ्यावर होडी बसली तर तळाच्या फटीत खडे अडकतात आणि पाटी खाली येत नाही. सुकाणू वेळेवर वर काढले नाही तर ते वाकते. गाड्याची चाके खाऱ्या पाण्यात बुडवली आणि नंतर गोड्या पाण्याने धुतली नाहीत, तर बेअरिंग गंजतात आणि भर रस्त्यात चाक धोका देते.

शहाणा विक्रेता या सर्व गोष्टी पैसे घेण्याआधी सांगतो. होडीच्या धंद्यात खोटे बोलले तर माणूस बुडतो. आपल्या धंद्यात माणूस बुडत नसेल, पण विश्वास बुडतो आणि तो पुन्हा वर येत नाही. स्टुलावर उभे राहू नये, या कपड्याचा रंग पहिल्या धुण्याला जाईल, हे वेल्डिंग एवढ्याच वजनाला आहे, असे आधी सांगणारा दुकानदार त्या दिवशी एखादा सौदा गमावतो. पण पुढच्या वेळी गिऱ्हाईक त्याच्याकडेच येते, आणि येताना शेजाऱ्याला घेऊन येते.

लाकडाकडून फायबरकडे

सुरुवातीच्या लगर लाकडाच्या होत्या. मागणी वाढू लागल्यावर डेव्हनमधील ऑनर मरीन या कंपनीने त्या फायबरमध्ये करायला घेतल्या. येथे आमच्या सुतार बंधूंनी जरा थांबून विचार करावा.

फायबरच्या कामात आधी एक नमुना होडी अगदी अचूक तयार करावी लागते. तिच्यावरून साचा घेतात. साच्याच्या आतून प्रथम गुळगुळीत रंगीत थर देतात, मग काचेच्या धाग्याची चटई आणि रेझिन यांचे थर एकावर एक चढवतात. घट्ट झाल्यावर होडीचे कवच साच्यातून बाहेर काढतात. नमुन्यात जी चूक असेल ती प्रत्येक होडीत उतरते. म्हणून नमुना करणाऱ्या हाताची किंमत कमी होत नाही, उलट वाढते.

लगरच्या साच्यात एक शहाणपण दिसते. लाकडी होडीच्या फळ्या एकमेकींवर चढवलेल्या असतात आणि त्यांच्या कडांच्या रेषा बाहेरून दिसतात. त्या रेषा साच्यातही तशाच ठेवल्या. याने होडीचे जुने रूप राहिले आणि गिऱ्हाइकाच्या मनाला ते भावले. पण केवळ रूपासाठी हे नव्हते. सपाट पत्र्यापेक्षा घड्या असलेला पत्रा जसा ताठ राहतो, तसे या पायऱ्यांमुळे फायबरचे पातळ कवचही ताठ राहते. कडा, काठ्या अशा ठिकाणी लाकूडही राहिले. म्हणजे साचा आला तरी सुतार पुरता गेला नाही. त्याचे काम बदलले.

साच्याचे अर्थशास्त्र समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. समजा, साचा तयार करायला ३ लाख रुपये लागले. त्यातून ५ नग काढले तर प्रत्येक नगावर साच्याचा बोजा ६० हजार रुपये पडतो. ६० नग काढले तर बोजा ५ हजारांवर येतो. म्हणून साचा करण्याआधी हातावर चार-सहा नग विकून मागणी तपासावी. लगरचा क्रमही असाच होता. आधी घरची होडी, मग लाकडी नग, मग प्रदर्शन आणि मागणी, आणि मग साचा. आपल्याकडे बरेच जण उलट क्रमाने जातात. आधी कर्ज, मग यंत्र आणि शेवटी गिऱ्हाइकाचा शोध.

एका घाटाची अनेक रूपे

लगर चालू लागल्यावर गिऱ्हाइके वेगवेगळ्या मागण्या घेऊन येऊ लागली. तेव्हा लगरमध्येच सर्व काही कोंबले नाही. तिचीच लांबी तीन फूट वाढवून 'लाँगबोट' ही पावणेबावीस फुटी होडी झाली. लाँगबोटीवर छोटी खोली चढवून 'कोस्टर' झाली. ज्यांना लहान हवी त्यांच्यासाठी 'डॅबर' आणि 'स्कॅफी' आल्या. सगळ्यांचा तोंडवळा एकच. लांबून शिडे दिसली तरी जाणकार ओळखतो की ही ड्रॅस्कोम घराण्याची होडी.

यातला धडा साधा आहे. गिऱ्हाइकाची नवी मागणी आली की जुना चांगला माल बिघडवू नये. त्याच्याच पायावर दुसरा नग उभा करावा. माप वाढवावे, जोड द्यावी, पण मूळ नगाचे ज्यामुळे नाव झाले ते तसेच ठेवावे.

समुद्रापलीकडची कीर्ती

जी होडी खाडीसाठी बांधली, तिने काही धाडसी माणसांच्या हातून फार मोठे प्रवासही केले. १९६९ मध्ये डेव्हिड पाइल एका साथीदारासह इंग्लंडहून निघाले आणि १९७० मध्ये लगरमधून ऑस्ट्रेलियाला पोहोचले. १९७० च्या दशकात केन डक्सबरी यांनी पत्नीसह आपल्या 'लगवर्म' नावाच्या लगरमधून ग्रीसच्या बेटांत भटकंती केली आणि तीच होडी समुद्रमार्गे इंग्लंडला परत आणली. अमेरिकेचे वेब चाइल्स १९७८ मध्ये सॅन दिएगोहून एकटेच पॅसिफिक महासागरात उतरले. १९८० मध्ये, आज ज्याला वानुआतू म्हणतात त्या बेटांच्या अलीकडे त्यांची होडी उलटली आणि पाण्याने भरली. सुमारे दोन आठवडे ते वाहत राहिले, पण होडी बुडाली नाही आणि अखेर ते किनाऱ्याला लागले. होडीत हवाबंद पोकळ्या असल्याने ती भरली तरी तरंगत राहते, हे यातून सर्वांना दिसले.

या प्रवासांनी होडीचे नाव दूरवर गेले. वर्तमानपत्रात पैसे देऊन अशी जाहिरात मिळत नाही. पण याचा अर्थ ही महासागराची होडी आहे असा कोणी घेऊ नये. ते दर्यावर्दी असामान्य होते आणि त्यांनी जिवावर उदार होऊन ते केले. चांगल्या मालाची ताकद अपवादाच्या प्रसंगी दिसते, पण माल विकावा तो रोजच्या वापरासाठीच. एखाद्याने आपली चारचाकी हातगाडी घेऊन दिल्ली गाठली, तरी आपण तिला मालट्रक म्हणून विकू नये.

आणखी एक गोष्ट. या होड्यांच्या मालकांची स्वतःची संघटना आहे. ते एकत्र जमतात, काफिल्याने खाड्यांत फिरतात, दुरुस्तीच्या युक्त्या एकमेकांना सांगतात. त्यामुळे जुन्या होडीलाही गिऱ्हाईक मिळते. आणि जुना माल चांगल्या भावाने विकला जातो तेव्हा नवा माल घेणाऱ्याचा हात आखडत नाही.

नाव आणि नकाशा

होडीचा धंदा एका हातातून दुसऱ्या हातात गेला. कारखाने बदलले. त्याच घाटाच्या होड्या पुढे 'डेव्हन' या दुसऱ्या नावानेही विकल्या गेल्या. याचा अर्थ असा की नकाशा, साचा आणि नाव या तीन वेगळ्या मिळकती आहेत. साचा एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे असू शकते.

आपले कारागीर येथेच फसतात. उस्तादाच्या डोक्यात नमुना असतो, कागदावर काहीच नसते. व्यापारी नमुना नेतो, दुसरीकडे शंभर नग करून घेतो आणि मूळ कारागिराला दहा नगांचीही मजुरी मिळत नाही. म्हणून आपल्या नमुन्याचे मापांसह रेखाचित्र करावे, त्यावर तारीख घालावी, फोटो काढून ठेवावेत. मालावर आपल्या दुकानाचे नाव उमटवावे. नावाची आणि नमुन्याची सरकारदरबारी नोंदणी करता येते. त्यासाठी जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा. नमुना दुसऱ्याला करायला द्यायचा असेल तर दर नगामागे आपल्याला काय मिळेल, ते लिहून घ्यावे. ओळख आणि दोस्ती असली तरी लिहून घ्यावे. लिहिण्याने दोस्ती तुटत नाही. न लिहिल्याने मात्र ती पुष्कळदा तुटते.

आपल्या दुकानात करण्याचा अभ्यास

आता वाचकांनी वही घेऊन पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावीत.

१. आमचा माल नेमक्या कोणत्या माणसाच्या कोणत्या अडचणीसाठी आहे?

२. तो कोणत्या कामासाठी नाही? हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो का?

३. मालातील कोणती गोष्ट काढली तर वजन, किंमत किंवा त्रास कमी होईल आणि मूळ काम मात्र बिघडणार नाही?

४. गिऱ्हाईक माल घरी कसा नेतो आणि कोठे ठेवतो? आम्ही ती जागा पाहिली आहे का?

५. आमचा नमुना कागदावर आहे का?

चौथा प्रश्न लहान वाटतो, पण लगरचा सगळा धंदा त्याच्यावर उभा राहिला. होडीच्या काठ्या होडीत मावतात म्हणून ती रस्त्यावरून जाते. आपल्या गल्लीतील घरांचे जिने पाहा. अरुंद, वळणाचे. तयार कपाट त्यातून वर जात नाही, दोरीने खिडकीतून चढवावे लागते. जो सुतार तीन भागांत वर जाणारे आणि खोलीत तासाभरात जोडता येणारे कपाट करील, त्याला त्या जिन्यांच्या प्रत्येक घरात काम आहे. मोठा कारखाना त्या जिन्याचे माप घ्यायला येणार नाही. तुम्ही तेथेच राहता.

त्या बुजुर्गांना उत्तर

मुलाला धंद्यात आणावे की नाही? आमचे उत्तर असे. कारखान्यात होते तेच काम हाताने, जास्त वेळ लावून आणि त्याच भावात करायचे असेल, तर आणू नये. त्यात त्याची उमर जाईल आणि हाती काही लागणार नाही. पण रंध्याबरोबर तो माप घेणे, नकाशा काढणे आणि हिशेब ठेवणे शिकणार असेल, फायबर, प्लायवूड, पोलाद यांना हात लावायला लाजणार नसेल, आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन त्याची अडचण पाहणार असेल, तर जरूर आणावे. तुमच्या चाळीस वर्षांच्या हुन्नरावर तो नमुना उभा करील. नमुना अचूक करणारा हात यंत्राला मिळत नाही, तो उस्तादाकडूनच मिळतो.

पहिले काम म्हणून त्याला एक फूटपट्टी आणि वही द्या आणि शेजारच्या दहा घरांचे जिने मोजून आणायला सांगा. तो ती मापे घेऊन परत आला की पुढचे बोलणे बापलेकांनी दुकानात बसून करावे.